स्वयंपाकघरात जन्मलेला फुगा

‘अँजिओप्लास्टी’ हा शब्द आता जवळजवळ मराठीच झाला आहे. सोसायटीतले काका भेटतात, मनगटावरचा बारीकसा वण दाखवतात आणि परवा प्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवल्या, तिसऱ्या दिवशी घरी आलो, असं इतक्या सहज सांगतात की जणू स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली होती! हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती आतून उघडायची, ही कल्पना कोणी प्रत्यक्षात आणली आणि कशी आणली, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मी मेकॅनिकलला टी.ई.ला आहे. शाळा सगळी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मी मराठी विभागात लिहितेय म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये दोन दिवस करमणूक चालू आहे. चालू दे. थिन सिलिंडरचं गणित कुठल्याही भाषेत सारखंच असतं, आणि ही गोष्ट बऱ्याच अंशी थिन सिलिंडरचीच आहे.

तर त्या माणसाचं नाव आंद्रेआस ग्रुंत्सिग. जन्म २५ जून १९३९, जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर. (खरं तर ‘त्यांनी’, ‘यांचा’ असं आदरार्थी लिहायला हवं. पण आपण सचिनला ‘तो’ म्हणतो ना, त्याच हक्काने मी यालाही ‘तो’च म्हणणार आहे. संपादकांनी कृपया बदलू नये.) जन्मानंतर सव्वादोन महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील शिक्षक होते. ते युद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आईने दोन मुलांना वाढवलं. मध्ये काही काळ हे कुटुंब नातेवाइकांकडे अर्जेंटिनाला जाऊन राहिलं आणि पुन्हा जर्मनीत, लाइपझिगला आलं. तिथल्या ज्या थॉमस शाळेत आंद्रेआस शिकला, तिथे दोन शतकांपूर्वी थोर संगीतकार बाख नोकरीला होता. तो सगळा भाग तेव्हा पूर्व जर्मनीत. बर्लिनची भिंत उभी राहायच्या आधीच, शाळा संपल्यावर आंद्रेआस पश्चिमेकडे निघून गेला आणि हायडेलबर्गला शिकून १९६४ मध्ये डॉक्टर झाला.

नेमकं त्याच वर्षी, १६ जानेवारी १९६४ ला, अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिऑलॉजिस्टने एक उपद्व्याप केला होता. ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाला गँगरीन झालं होतं. सर्जन म्हणत होते पाय कापा, आजी म्हणत होत्या नाही कापणार. डॉटरने मांडीच्या रक्तवाहिनीत एक बारीक नळी घातली, तिच्यावरून जरा जाड नळी सरकवली आणि चोंदलेली जागा आतल्या आत रुंद केली. आजींचा पाय वाचला आणि त्या शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. अमेरिकेतल्या बहुतेक सर्जननी डॉटरला वेड्यात काढलं. युरोपात मात्र काही डॉक्टरांनी ही पद्धत उचलली, आणि जर्मनीत तर ‘डॉटरिंग’ असं क्रियापदच तयार झालं. ग्रुंत्सिग १९६९ मध्ये स्वित्झर्लंडला झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आला आणि एबरहार्ट त्साइटलर या जर्मन डॉक्टरकडून ही विद्या शिकला.

आता इथे आपली इंजिनिअरिंगची नजर लावून बघा. डॉटरच्या पद्धतीत दोन अडचणी होत्या. रक्तवाहिनी जेवढी रुंद करायची तेवढ्याच जाडीची नळी आत घालावी लागणार, म्हणजे जांघेतलं भोकही तेवढंच मोठं. आणि नळी पुढे ढकलताना जोर लागणार तो रक्तवाहिनीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आतला मळ खरवडून पुढे रेटला जाण्याची भीती. ग्रुंत्सिगला हवं होतं असं काहीतरी, जे आत जाताना बारीक असेल, जागेवर पोचल्यावर जाड होईल, आणि जोर फक्त बाहेरच्या दिशेने, रेडियल लावेल. म्हणजे फुगा.

फुगा म्हटलं की सोपं वाटतं. पण एका प्लॅस्टिकच्या पाइपला मध्येच दोरीने आवळा आणि आत साधा रबरी फुगा फुगवून बघा. आवळलेल्या जागी तो ढिम्म हलणार नाही, दोन्ही बाजूंना मात्र टम्म फुगेल. सायकलची ट्यूब टायरच्या फाटलेल्या जागेतून बाहेर येते तेच. रबर नेहमी जिथे विरोध कमी तिथे पळतं, आणि इथे काम होतं नेमकं जिथे विरोध जास्त तिथे. म्हणजे असा फुगा हवा, जो ठरलेल्या व्यासापर्यंतच फुगेल आणि मग कितीही दाब वाढवला तरी जाड होणार नाही, फक्त कडक होईल.

हे सगळे प्रयोग झाले ग्रुंत्सिगच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर! दिवसा हॉस्पिटलची ड्युटी, संध्याकाळी टेबल मोकळं करून नळ्या, कात्र्या, गोंद. बरोबर त्याची सहायक मारिया श्लुम्फ, तिचा नवरा आणि ग्रुंत्सिगची बायको मिखाएला. (सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमचं जे रूप असतं, तेच त्या घराचं रोज असणार.) आधी रबरावर बारीक रेशमी जाळी चढवून त्याचं फुगणं आवरायचा प्रयत्न झाला. त्याने नळी फार जाड व्हायची. मग त्याला झुरिकच्या ई.टी.एच. या तंत्रविद्यापीठातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश होप्फ भेटले आणि त्यांनी पी.व्ही.सी.ची ओळख करून दिली. हो, आपल्या घराच्या भिंतीतून जातो तोच पाइपवाला पी.व्ही.सी., फक्त अगदी पातळ नळीच्या रूपात. ही नळी ठरावीक जागी गरम करून आतून हवेचा दाब दिला की तिथे छोट्या सॉसेजच्या आकाराचा फुगा तयार व्हायचा, आणि तो फुगा आपला व्यास सोडायचा नाही. जाळीची गरजच संपली. आपण वर्कशॉपला ब्लो मोल्डिंगची आकृती काढतो ना, तेच हे, गॅसच्या शेगडीशेजारी.

१२ फेब्रुवारी १९७४ ला हा फुगा पहिल्यांदा एका रुग्णाच्या पायाच्या रक्तवाहिनीत वापरला गेला आणि यशस्वी झाला. पुढच्या वर्षी त्याने दुहेरी पोकळीची नळी केली. एका पोकळीतून फुगा फुगवायचा आणि दुसरी थेट टोकापर्यंत उघडी. ही दुसरी पोकळी मला सगळ्यात आवडते. तिच्यातून अडथळ्याच्या पलीकडचा रक्तदाब मोजता येतो, म्हणजे अडथळ्याच्या अलीकडे किती, पलीकडे किती, आणि फुगवल्यावर फरक किती उरला, हे आकड्यांत कळतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण मॅनोमीटर लावून प्रेशर ड्रॉप काढतो, अगदी तेच. अंदाजपंचे दाहोदरसे नाही.

पाय झाला, आता हृदय. पण पायाची रक्तवाहिनी मिनिटभर बंद राहिली तर काही बिघडत नाही. हृदयाची बंद राहिली तर माणूस जाऊ शकतो. फुगा फुगलेला असतो तेवढा वेळ तिथून रक्त जातच नाही. म्हणून त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या दोऱ्याने आवळायच्या आणि मग फुग्याने उघडायच्या. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मायामीच्या अधिवेशनात त्याने हे काम एका पोस्टरवर मांडलं. बहुतेकांनी मान हलवली आणि पुढे गेले. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला स्पेन्सर किंग तर हे कधीच चालणार नाही असं त्याच्या तोंडावर सांगून गेला. (हे नाव लक्षात ठेवा.) एक रिचर्ड मायलर तेवढा थांबला. मे १९७७ मध्ये दोघांनी मिळून सॅन फ्रान्सिस्कोला बायपास चालू असताना, छाती उघडलेली असताना फुगा वापरून बघितला, आणि फुगवल्यामुळे मळाचे तुकडे सुटून पुढे वाहत जात नाहीत ना, याची खात्री केली.

आणि मग शुक्रवार, १६ सप्टेंबर १९७७, झुरिक.

रुग्ण ३८ वर्षांचा, विम्याच्या धंद्यातला. ग्रुंत्सिगही तेव्हा ३८ चाच. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एल.ए.डी. नावाची मुख्य शाखा सुरुवातीलाच एका छोट्याशा जागी आवळली गेली होती. बायपास ठरत आली होती. त्याला सगळं समजावून सांगितलं गेलं: हे जगात जागेपणी कोणावर केलेलं नाही, जमलं नाही तर लगेच ऑपरेशन करू. तो तयार झाला. सर्जरीचे प्रमुख होते ओके सेनिंग, ज्यांनी १९५८ मध्ये रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने बनवलेला पेसमेकर पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवला होता. ही पद्धत जमली तर आपल्याच खात्याचं काम कमी होणार, हे त्यांना कळत नसेल का? तरी त्यांनी पाठिंबा दिला आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं. हा माणूस मला ग्रुंत्सिगइतकाच मोठा वाटतो.

फुगा जागेवर गेला. फुगवला. सगळ्यांचे डोळे ई.सी.जी.वर. काही नाही! ना आलेख बिघडला, ना ठोके चुकले. दाबातला फरक उतरला. आणखी एकदा फुगवला, फरक जवळजवळ नाहीसा झाला. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. इतक्या सहज हे झालं यावर खोलीत कोणाचा विश्वास बसेना. त्या नोव्हेंबरमध्ये, बरोबर एका वर्षाने, पुन्हा अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने पहिल्या चार रुग्णांची चित्रं दाखवली, आणि भाषण संपायच्या आतच सभागृहाने टाळ्या सुरू केल्या. १ मार्च १९७८ ला मायलरने सॅन फ्रान्सिस्कोत आणि सायमन स्टर्टझरने न्यूयॉर्कमध्ये, एकाच दिवशी, अमेरिकेतल्या पहिल्या अँजिओप्लास्टी केल्या.

इथून पुढे दुसरा कोणी असता तर हवेत गेला असता. याने काय केलं? ऑगस्ट १९७८ मध्ये झुरिकला २८ डॉक्टरांना बोलावलं आणि क्लोज्ड सर्किट टीव्हीवर चालू केस दाखवल्या. चालू केस, म्हणजे फसली तरी सगळ्यांसमोरच फसणार! १९७९ मध्ये त्याने पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल छापला, त्यात जमलेल्या केस ३२. आवळलेला भाग सरासरी ८४ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आला, दाबातला फरक ५८ वरून १९ वर. पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली, तिघांना हार्ट अटॅकच्या खुणा दिसल्या. हेही सगळं तिथेच छापलंय. आणि बायपासच्या रुग्णांपैकी जेमतेम १० ते १५ टक्के लोकांनाच ही पद्धत लागू पडेल, असा अंदाजही त्यानेच दिला. आपल्याच प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये असं लिहायला छाती लागते.

इतके कमी का? कारण त्याचा फुगा मऊ मळावरच चालायचा. अडथळा लहान हवा, सुरुवातीला हवा, गोलाकार हवा, आणि मुख्य म्हणजे त्यात कॅल्शियम नको. दगड झालेल्या रक्तवाहिनीपुढे ४-५ ॲटमॉस्फिअरचा पी.व्ही.सी. फुगा हात टेकायचा.

झुरिकला १६९ रुग्ण करून १९८० मध्ये तो अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेला. त्याला तिथे आणण्यात पुढाकार कोणाचा? त्याच स्पेन्सर किंगचा, ज्याने पोस्टरसमोर उभं राहून हे चालणार नाही म्हटलं होतं! अटलांटाला त्याने अभ्यासक्रम घेतले, जगभरचे डॉक्टर शिकून गेले. विमान चालवायचा नाद त्याला होताच. २७ ऑक्टोबर १९८५, रविवार. हवा खराब होती. समुद्रकिनाऱ्यावरून अटलांटाला परत येताना त्याचं दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट बॅरन विमान जॉर्जियातल्या फोरसाइथ गावाजवळ कोसळलं. बरोबर त्याची दुसरी पत्नी मार्गरेट ॲन आणि दोन कुत्री होती. कोणीच वाचलं नाही. तो ४६ वर्षांचा होता. त्या एकाच वर्षात चार्ल्स डॉटर गेला, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी सुरू करणारा मेसन सोन्स गेला, अँजिओग्राफीच्या नळ्यांना आजही ज्याचं नाव आहे तो मेल्विन जडकिन्स गेला, आणि ग्रुंत्सिग. या विषयाची अख्खी पहिली पिढीच १९८५ ने नेली.

१९८७ मध्ये तो पहिला रुग्ण दहा वर्षांनी तपासणीसाठी एमरीला आला. अँजिओग्राफी केली. फुगा फुगवलेली जागा तशीच उघडी होती.

ग्रुंत्सिगला स्टेंट बघायला मिळाली नाही. हृदयात पहिली स्टेंट बसली मार्च १९८६ मध्ये, फ्रान्समध्ये तुलूझला. म्हणजे पाच महिन्यांनी. आणि कॅल्शियमचा प्रश्न तर त्याने जिथे सोडला तिथेच कितीतरी दिवस होता.

हा प्रश्न माझ्या घरी आलेला आहे. माझ्या आजोबांच्या रिपोर्टमध्ये ‘हेवी कॅल्सिफिकेशन’ असे शब्द होते. डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर दाखवलं होतं: औषधी रंग सोडायच्या आधीच हृदयाबरोबर हलणाऱ्या दोन करड्या समांतर रेघा, रेल्वेच्या रुळांसारख्या. रक्तवाहिनीची भिंतच एक्स-रेत दिसत होती, कारण ती आता हाडासारखीच झाली होती. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. रक्तवाहिनीत साठतो तो हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे आपल्या हाडात आणि दातात असतो तोच पदार्थ.

अशा ठिकाणी साधा फुगा फुगवला की काय होतं? ग्रुंत्सिगला वाटायचं की मळ दाबला जाऊन भिंतीत बसतो. नंतर कळलं की मुख्यतः मळाला भेगा पडतात आणि भिंत ताणली जाते. आता भिंतीत कॅल्शियमची पूर्ण रिंग असेल तर ना भेग पडते, ना ताण घेते. फुगा मध्ये आवळलेला राहतो आणि दोन्ही टोकांना फुगतो. डॉक्टर याला ‘डॉग बोन’ म्हणतात. दाब वाढवावा तर थिन सिलिंडरचं सूत्र आडवं येतं: हूप स्ट्रेस दाबाबरोबर वाढतो तसा व्यासाबरोबरही वाढतो. म्हणजे सगळ्यात जास्त ताण टोकांना, जिथे रक्तवाहिनी बरी आहे! तिथे ती फाटू शकते. कॅल्शियम एकाच बाजूला असेल तर समोरची मऊ बाजू सगळा ताण खाते. आणि रिंग न फोडताच स्टेंट बसवली तर ती कायमची अर्धवट उघडी राहते. तिथे गुठळी होते, पुन्हा ब्लॉक होतो. आता दोन थरांचे फुगे मिळतात, जे ३५ ॲटमॉस्फिअरपर्यंत नेता येतात (गाडीच्या टायरच्या सोळापट!). तरी प्रत्येक ठिकाणी दांडगाईने काम होत नाही.

मग उपाय काढला तो एका इंजिनिअरने. डेव्हिड ऑथ, सिएटलचा. त्याचं यंत्र रोटाब्लेटर, अमेरिकेत मान्यता १९९३. सव्वा ते अडीच मिलिमीटर व्यासाचा ऑलिव्हच्या आकाराचा दाणा, पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्याची बारीक कणी, मागे दाबाखालच्या गॅसवर चालणारी छोटी टर्बाइन. फिरतो मिनिटाला दीड लाखाच्या आसपास वेढे. (आपल्या वर्कशॉपचा लेथ हजारावर गेला तरी सर ओरडतात.) तो कॅल्शियम घासतो, पण मऊ भाग सोडतो. दाढी करताना ब्लेड केस कापतं आणि गाल दबून बाजूला होतो, तसं. घासून निघालेली बहुतेक भुकटी रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षा बारीक असते, ती वाहून जाते आणि शरीर ती साफ करतं. आणखी एक गंमत म्हणजे दाणा फिरत असेपर्यंत पुढे-मागे सरकवायला घर्षण जवळजवळ लागतच नाही. बाटलीचं बूच पिळत ओढलं की निघतं ना, तेच तत्त्व. पण दाणा अडकून थांबला तर संपलं, म्हणून डॉक्टर टोचे मारल्यासारखा तो पुढे-मागे नेतात, एका वेळी पंधरा-वीस सेकंदच, आणि वेग पाच हजारांनी उतरला की लगेच मागे घेतात.

आजोबांना हेच केलं. ते जागे होते. त्यांना आठवतो तो फक्त आवाज, दाताच्या डॉक्टरांकडे दाढ कोरताना येतो तसा. आजी बाहेर पोथी वाचत बसली होती आणि आई कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती. आत काय चाललंय हे समजून घ्यायला मी तिथेच मोबाइलवर वाचायला लागले आणि वाचत वाचत ग्रुंत्सिगपर्यंत पोचले. आजोबा आता सकाळी गच्चीत चालतात.

त्यानंतरची पद्धत आणखी वेगळी, इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी. लिथोट्रिप्सी आपल्याला मुतखड्यामुळे माहीत असते. जर्मनीतल्या डॉर्निअर या विमान कंपनीच्या शॉक वेव्हवरच्या कामातून ती निघाली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णावर वापरली गेली. तीच युक्ती फुग्यात घातली. फुग्यात द्रव भरलेला असतो, आत बारीक इलेक्ट्रोड. ठिणगी पडते, द्रवाची क्षणात वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि मिटतो, आणि त्यातून साधारण ५० ॲटमॉस्फिअरची लहर बाहेर जाते. मऊ भाग पाण्यासारखाच, त्यातून ती लहर निघून जाते. कडक कॅल्शियमशी गाठ पडली की तिथे ताण येऊन भेग पडते, भिंतीत खोलवर असलेल्या थरालासुद्धा. सेकंदाला एक, अशा दहा-दहा लहरी. हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी अमेरिकेने याला फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता दिली. हा फुगा जरा जाडजूड असल्यामुळे फार अरुंद जागेत शिरत नाही; मग आधी रोटाब्लेटरने वाट करतात आणि नंतर हा आत नेतात.

आणि लहरी सोडताना हा फुगा किती दाबाने फुगवलेला असतो, सांगा बघू? फक्त ४ ॲटमॉस्फिअर. ग्रुंत्सिगने १९७८ मध्ये पहिल्या पाच रुग्णांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये दिली, तेव्हा त्याने लिहिलेला दाब होता ५.